कागद नावाने मागावा: सरकारी दफ्तरातील नोंदींविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीची आहेत. तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत, तहसील किंवा नगरपरिषद येथे एखादी नोंद असल्याचे माहीत असते, पण ती हाती येत नाही. मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंचा अनुभव मला आहे. कर्मचारी टाळाटाळ करतात हे काही वेळा खरेच असते. परंतु कोणता कागद, कोणत्या नोंदवहीतला आणि कोणत्या सालचा हे अर्जात नसल्यामुळे परत गेलेले अर्जही मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून यावेळी त्यांतील काही पत्रे निवडून सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या वडिलांना जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली. शेतीच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावे आहेत, आम्हा दोघी बहिणींची नाहीत. आमची नावे लागलीच नव्हती की लागून नंतर कमी झाली, हे घरात कोणी सांगत नाही. तलाठी कार्यालयात ‘जमिनीची सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत’ असा अर्ज दिला. ‘अर्ज मोघम आहे’ असे उत्तर आले. आता काय करावे? — एक भगिनी, ता. बार्शी, जि. सोलापूर

उत्तर : ताई, नावे लागलीच नव्हती की लागून कमी झाली, हा आपण विचारलेला प्रश्नच सगळ्या शोधाचा गाभा आहे आणि त्याचे उत्तर कागदावर नक्की सापडते. त्यासाठी ‘सर्व कागदपत्रे’ मागण्याची गरज नाही. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करावी. भावांच्या नावांजवळ फेरफार क्रमांक लिहिलेला असतो आणि नव्या नमुन्यातील सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांकही वेगळे दिलेले असतात. हे सारे क्रमांक एका वहीत उतरवून घ्यावेत, कारण पुढचा प्रत्येक कागद या क्रमांकांनीच मागायचा आहे.

त्यानंतर वडिलांच्या निधनाच्या आधीची दोन-तीन वर्षे आणि नंतरची दहा-पंधरा वर्षे मिळून जो काळ होतो, त्या काळातील हस्तलिखित सातबाऱ्यांच्या नकला मागाव्यात. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी करायचे असेल, तर ते खोडत नसत. त्या नावाला कंस करीत आणि ज्या फेरफाराने ते कमी झाले त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहीत. त्यामुळे आपली नावे कंसात दिसली, तर ती एकदा लागली होती आणि त्या वर्तुळातल्या क्रमांकाने ती कमी झाली, असा अर्थ होतो. कब्जेदाराच्या सदरात नावे मुळीच नसतील, तर उजवीकडचे ‘इतर हक्क’ हे सदर नीट वाचावे. वारस मुलांची नावे कब्जेदार म्हणून आणि मुलींची नावे ‘इतर हक्कात’, अशी विभागणी त्या काळी कितीतरी गावांत केली जात असे. पुढे सातबारा पुन्हा लिहिताना इतर हक्कातील या नोंदी नव्या पानावर उतरल्याच नाहीत, अशीही उदाहरणे मी पाहिली आहेत. तसे झाले असेल, तर जुने पान आणि नवे पान शेजारी ठेवले की ते लगेच दिसते.

आता फेरफाराकडे येऊ. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क. वडिलांच्या वारसांचा फेरफार या दोहोंत मिळेल. फेरफाराच्या नकलेत नोंदीची तारीख, वर्दी (बदलाची खबर) कोणी दिली, वारस म्हणून कोणाची नावे सांगितली, नोटीस कोणाला बजावली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद कधी प्रमाणित केली, एवढे तपशील असतात. परंतु फेरफाराची नक्कल म्हणजे केवळ निकालाचा सारांश असतो. त्यामागचे कागद वेगळ्या संचिकेत असतात. म्हणून अर्जात ‘फेरफार क्रमांक अमुकची नक्कल, तसेच त्यासोबतचा वर्दी अर्ज, वारसांचे जबाब आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० अन्वये बजावलेल्या नोटिशींच्या पोच’ असे स्पष्ट लिहावे. आपण हक्क सोडला असे कोणी म्हणत असेल, तर त्या जबाबाखाली सही किंवा अंगठा कोणाचा आहे, ते या संचिकेतच दिसते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्याचे सांगितले जात असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ चा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध घ्यावा. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार ही सूची कोणालाही शुल्क भरून पाहता येते.

या कामासाठी माहितीचा अधिकार वापरलाच पाहिजे असे नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ ने नकाशे आणि जमिनीचे अभिलेख पाहण्याचा आणि त्यांच्या प्रमाणित प्रती घेण्याचा मार्ग फार पूर्वीपासून खुला ठेवला आहे, आणि त्यासाठी १९७० चे स्वतंत्र नियमही आहेत. तहसील कार्यालयात साधा नकलेचा अर्ज द्यावा, नक्कल फी भरावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. न्यायालयात दाखल करायची असेल, तर सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच लागते. जुने सातबारे आणि फेरफार बहुतेक जिल्ह्यांत स्कॅन झालेले असून महसूल विभागाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. शोधाचे काम तिथे करावे आणि नक्कल कार्यालयातून घ्यावी, म्हणजे दोन्ही सोपे होते. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. कामकाजासाठी १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा चालतो.

इथे एक प्रसंग सांगतो. माझ्या नोकरीच्या काळात एक वयस्कर शेतकरी ‘आमच्या रानाचे सगळे कागद द्या’ असा अर्ज घेऊन तीनदा आले आणि तिन्ही वेळा त्यांना ‘तपशील द्या’ असे सांगून आम्ही परत पाठवले. चौथ्यांदा ते आले, तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या सातबाऱ्याची घडी मी स्वतः उलगडून पाहिली. नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा आकडा होता. तो आकडा कागदावर लिहून रखवालदाराला दिला. त्या गावाचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला दप्तराचा गठ्ठा, मांडणीवरून खाली काढला, गाठ सोडली आणि पाऊण तासात फेरफाराचे पान त्यांच्या समोर ठेवले. क्रमांक पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत होता; तो अर्जात उतरवायचा असतो, हे त्यांना आमच्यापैकी कोणी सांगितले नव्हते. ते सांगणे आमचेच काम होते.

ताई, कागद हाती आल्यावर मात्र वकिलांचा सल्ला घ्यावा. फेरफाराविरुद्ध संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येते आणि विलंब माफ करण्याची विनंतीही करावी लागते. परंतु सातबाऱ्यावरील नाव हे मालकीचा अंतिम पुरावा नसते, त्यामुळे हिश्श्याचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच ठरतो.

प्रश्न : गावातील सिमेंट रस्ता वर्षभरात उखडला. मी ग्रामपंचायतीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून ‘रस्ता निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण आणि त्यांच्यावर काय कारवाई करणार’ अशी माहिती मागितली. ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर योग्य आहे का? — एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : आपली तक्रार रास्त वाटते, तरीही मिळालेले उत्तर कायद्याला धरून आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कार्यालयाने आपल्याजवळ असलेली माहिती द्यायची असते. कारणमीमांसा करणे, मत देणे किंवा नवा खुलासा तयार करणे यासाठी त्याला भाग पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात विद्यार्थ्यांना स्वतःच्या उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार दिला आणि त्याच निकालात ही मर्यादाही स्पष्ट केली. म्हणून रस्ता ‘का’ उखडला हे विचारण्याऐवजी, रस्ता कागदावर कसा बांधला आहे ते मागावे. कागद मिळाले, की ‘का’चे उत्तर बहुधा त्यांतूनच मिळते.

सार्वजनिक कामाची कागदपत्रे ठरलेल्या क्रमाने तयार होतात. आधी ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव होतो, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता, त्यानंतर निविदा आणि कार्यारंभ आदेश, पुढे मोजमाप पुस्तिका, देयक आणि प्रमाणक, आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. साहित्याच्या चाचणीचा अहवालही संचिकेत असावा लागतो. या सगळ्यांत मोजमाप पुस्तिका, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमबी’, सर्वांत महत्त्वाची. तिच्यात अभियंत्याने मोजलेली लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते आणि ठेकेदाराचे बिल त्याच आकड्यांवर निघते. समजा, पुस्तिकेत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड असा रस्ता नोंदला आहे. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीटचे पैसे दिले गेले. आपण चार जणांसमोर फीत लावून उखडलेल्या कडेला जाडी मोजली आणि ती १० सेंटिमीटरच भरली, तर प्रत्यक्षात ३० घनमीटर काँक्रीट पडले, असा हिशेब होतो. ‘निकृष्ट’ या शब्दावर वाद घालता येतो, पंधरा घनमीटरच्या फरकावर घालणे अवघड असते. शिवाय कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. हा अधिकार फार थोडे लोक वापरतात.

आपला पुढचा अर्ज साधारण असा असावा: ‘अमुक वाडीतील अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतच्या सिमेंट रस्त्याच्या कामाबाबत पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, देयक व प्रमाणक, साहित्य चाचणी अहवाल, तसेच काम पूर्ण झाल्याचा दाखला. कालावधी: आर्थिक वर्ष अमुक ते अमुक.’ एवढे पुरे आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि सुमारे दीडशे शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. त्यामुळे रस्ता, नळयोजना आणि घरकुल यांची माहिती एका अर्जात मागू नये. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन कलम ६ नुसार नाही. कोणी विचारले तरी ते अर्जात लिहू नये.

अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, १० रुपयांचा न्यायालय फी मुद्रांक लावून द्यावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीने दाखल्याची प्रत जोडल्यास फी लागत नाही. छायाप्रतीचा दर पानाला २ रुपये आहे. अर्ज स्वीकारायला कोणी तयार नसेल, तर वाद न घालता तो पोच मिळेल अशा टपालाने पाठवावा. काही कागद पंचायत समितीच्या बांधकाम विभागात असतात. अशा वेळी जन माहिती अधिकाऱ्याने अर्जाचा तेवढा भाग ५ दिवसांत तिकडे हस्तांतरित करायचा असतो, ‘आमच्याकडे नाही’ म्हणून तो परत करायचा नसतो. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, तर ती नाकारली असे मानले जाते आणि त्यानंतर ती विनामूल्य द्यावी लागते.

प्रतींच्या आधी पाहणी मागणे हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि त्यांच्या अखत्यारीतील कार्यालयांमध्ये, महानगरपालिका व जिल्हा परिषदेसह, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यायचे आहेत. सोमवारी सुटी असेल, तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महानगरपालिकेत हा उपक्रम आधीपासून चालू होता, तोच पुढे राज्यभर नेण्यात आला. समोर संचिका उघडून बसले, की कोणती पाने हवीत ते कळते आणि दोनशे पानांऐवजी बारा पानांचे पैसे भरून काम होते. जाताना शासन निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवावी, कारण पुष्कळ कार्यालयांत त्याची माहितीच नसते.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ आणि तलाठ्याचा ‘८-अ’ एकच का? बँकेने ‘आठचा उतारा’ आणायला सांगितले आहे. — एक वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : एक नव्हे. ८-अ हा महसुली खातेउतारा असून एका खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणत्या गटांची किती जमीन आहे, हे तो दाखवतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरे व इमारती यांची कर आकारणी नोंदवही. तिच्यातील मागणीची नोंद पुढे नमुना ९ मध्ये जाते. शेतीकर्ज असेल तर ८-अ आणि घरावरचे कर्ज असेल तर नमुना ८, असे साधारणपणे समजावे, पण बँकेकडून लेखी यादी घ्यावी. नमुना ८ वर नाव असणे म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा हे ठरणे, एवढेच. घराच्या मालकीचा तो पुरावा नाही. गावठाणाचे ड्रोनद्वारे मोजमाप झालेल्या गावांत स्वामित्व योजनेखाली मालमत्ता पत्रके तयार झाली आहेत. तिथे भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची नक्कल घेणे अधिक उपयोगाचे.

प्रश्न : जात प्रमाणपत्रासाठी पणजोबांच्या जन्माची किंवा शाळेची जुनी नोंद हवी आहे. तहसीलमध्ये ‘जुने रेकॉर्ड मोडीत आहे, वाचणारा कोणी नाही’ असे सांगतात. — एक विद्यार्थी, ता. मानवत, जि. परभणी

उत्तर : नोंद वाचता येत नाही, म्हणून नक्कल देता येत नाही, असा नियम नाही. नक्कल देणे हे कार्यालयाचे काम. लिप्यंतर हा नंतरचा टप्पा. पणजोबांच्या गावाचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि जन्माचा अंदाजे काळ, ही तीन टाचणे तयार ठेवावीत आणि त्या गावाच्या त्या पाच-दहा वर्षांच्या नोंदवह्या पाहणीसाठी मागाव्यात. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांना पश्चिम महाराष्ट्रात ‘गाव नमुना १४’ आणि विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणतात. आपला भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथे खासरा पत्रके (जमिनीच्या जुन्या नोंदी) आणि काही वेळा उर्दूतील नोंदीही मिळतात. केवळ मोडीचाच जाणकार शोधून भागेलच असे नाही. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतील जनरल रजिस्टरही अवश्य पाहावे. त्यात जातीची नोंद स्वतंत्र रकान्यात असते.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अनेक जिल्ह्यांत सापडलेल्या पानांच्या प्रतिमा जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. आपण कोणत्याही जातीचे असाल तरी त्या शोधाचा उपयोग होतो, कारण कोणत्या गावाच्या कोणत्या सालच्या वह्या शाबूत आहेत, ते त्यावरून कळते.

पान सापडल्यावर एक काळजी घ्यावी. केवळ नावाच्या ओळीची नक्कल घेऊ नये. वहीचे मुखपृष्ठ, गावाचे नाव आणि साल असलेले पान, आणि नोंदीचे संपूर्ण पान, अशा तिन्हींच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. पडताळणी समितीपुढे ही ओळ कोणत्या वहीतील, असा प्रश्न आला, की एकट्या ओळीची नक्कल अपुरी पडते. मोडी नोंदीचे लिप्यंतर मोडीच्या जाणकाराकडून, त्याच्या सही-शिक्क्यासह घ्यावे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण देते, तिथे चौकशी केल्यास जाणकारांची माहिती मिळते. मूळ प्रत आणि लिप्यंतर नेहमी एकत्र जोडावे.

प्रश्न : नगरपरिषदेकडे वीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम परवानगीची संचिका मागितली. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. यावर काही उपाय आहे का? — एक वाचक, वाशीम

उत्तर : उपाय आहे, आणि हे उत्तर अंतिम मानू नये. सरकारी कागद नाहीसा झाला असेल, तर तो नियमाने नष्ट केला गेला असेल, दुसरीकडे पाठवला गेला असेल किंवा गहाळ झाला असेल. यांपैकी काय घडले ते सांगण्याचे दायित्व कार्यालयावर आहे. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते: अ वर्गातील कागद कायम ठेवायचे, ब वर्गातील ३० वर्षे, क वर्गातील १० वर्षे (क-१ असल्यास ५ वर्षे) आणि ड वर्गातील काम संपल्यावर वर्षभर. म्हणून नव्या अर्जात पुढील गोष्टी मागाव्यात: या प्रकारच्या संचिकेचे वर्गीकरण, अभिलेख कक्षाच्या नोंदवहीतील त्या वर्षाची पाने, आणि ती नष्ट केली असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतील संबंधित नोंद व मंजुरीचा आदेश. कार्यालयाला मग ‘आढळून येत नाही’ या तीन शब्दांवर थांबता येत नाही.

त्याच वेळी पहिल्या उत्तराविरुद्ध ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. ‘जोडपत्र ब’ आणि २० रुपयांचा मुद्रांक लागतो. अपिलात संचिकेचा कसून शोध घेण्याचे, ती न सापडल्यास जबाबदारी निश्चित करण्याचे आणि उपलब्ध कागदांवरून ती पुन्हा तयार करण्याचे निर्देश मागावेत. परवानगीच्या नकाशाची एक प्रत अर्जदार, वास्तुविशारद किंवा नगररचना कार्यालयाकडेही असू शकते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा शिक्षापात्र अपराध आहे. त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये गहाळ अभिलेखांच्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्याबाबत निर्देश दिले आहेत. अपिलात हे संयत भाषेत नमूद करावे. ज्या संचिका महिनोन्‌महिने सापडत नाहीत, त्या अशा अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सापडल्याचे मी पाहिले आहे.

प्रथम अपील ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाली काढायचे असते. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते आणि आयोग दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. परंतु आयोगापुढे सुनावणी लागायला बराच काळ जातो. त्यामुळे सगळा भर प्रथम अपिलावर ठेवावा. सुनावणीला स्वतः जावे आणि कागदांची यादी हातात ठेवावी.

प्रश्न : शेजारच्या इमारतीने आमच्या बाजूची मोकळी जागा सोडलेली नाही. मंजूर नकाशा मागितला, तर ‘ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नाकारला. — एक वाचक, कल्याण

उत्तर : ‘वैयक्तिक माहिती’ हे कारण आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा ऐकू येईल, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. पूर्वीच्या कलमातच सार्वजनिक हिताची तुलना करण्याची सोय होती. नव्या कलमात वैयक्तिक माहितीला सरसकट अपवाद आहे. हा बदल नागरिकांच्या दृष्टीने गैरसोयीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही दोन दरवाजे उघडे आहेत. कलम ८(२) कायम असून, सार्वजनिक हित अधिक असेल तर माहिती देता येते. कलम १० नुसार खासगी भाग झाकून उरलेली माहिती द्यावी लागते. मंजूर नकाशा हा प्राधिकरणाच्या निर्णयाचा कागद आहे. म्हणून मालकाचा पत्ता, दूरध्वनी किंवा ओळखपत्रे न मागता केवळ मंजूर नकाशा, परवानगी पत्र, त्यातील अटी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे, आणि अग्निशमनासाठी व हवा-उजेडासाठी सोडायच्या जागेचा प्रश्न सर्व रहिवाशांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, हे एका वाक्यात लिहावे. कलम ११ नुसार त्रयस्थाला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते; पण त्याची हरकत म्हणजे नकार नव्हे, निर्णय माहिती अधिकाऱ्याने कारणांसह द्यायचा असतो.

प्रश्न : मी अमेरिकेत असतो आणि माझ्याकडे ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे. सिंधुदुर्गातील वडिलोपार्जित घराच्या नोंदी मला मागता येतील का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ३ नुसार हा अधिकार भारतीय नागरिकांना आहे आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे; त्यामुळे हा मार्ग आपल्याला थेट उपलब्ध नाही. परंतु नोंदी मिळवण्याचे इतर मार्ग बंद नाहीत. दस्तांची सूची नागरिकत्व न पाहता शोधता येते, सातबारा आणि मालमत्ता पत्रक ऑनलाइन निघतात आणि जमिनीच्या अभिलेखांच्या नकला जमीन महसूल संहितेखालील नियमांनुसार घेता येतात. गावी असलेल्या बहिणीला, भावाला किंवा विश्वासू नातेवाइकाला या कामापुरते मुखत्यारपत्र द्यावे आणि पत्रव्यवहार त्यांच्याच पत्त्यावर ठेवावा. घर गावठाणात असेल, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चे जुने उतारे, त्यांतील नावांच्या बदलाचे ठराव आणि भूमी अभिलेख कार्यालयातील गावठाणाचा नकाशा, हे कागद आधी मागवावेत. कोकणात एकाच घराच्या पट्टीवर अनेक चुलत घराण्यांची नावे असतात. म्हणून मुखत्यारपत्रात घर क्रमांकासोबत जुन्या कुटुंबप्रमुखाचे नावही लिहावे, कारण त्या नावावरच जुनी नोंद शोधली जाते.